बारा व्होल्टचा उजेड

वायरीतलं मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

चाकणच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं गाड्यांचं हार्नेस बांधलं. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटातली सगळी वायर एका जुडग्यात बांधलेली, टोकाटोकाला कनेक्टर लावलेली. शेवटची नऊ वर्षं मी लाइनचा लीडर होतो. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी त्यांना माझ्यासमोर उभं करायचे आणि मी एकच गोष्ट सांगायचो. कनेक्टर बसत नसेल तर जोर लावू नका. चुकीचा कनेक्टर चुकीच्या जागी जाऊच नये म्हणून कंपनीनं त्याला मुद्दाम खाच दिलेली असते. बसत नाही याचा अर्थ तो तिथला नाही. आपली अक्कल बाजूला ठेवा आणि ड्रॉइंग बघा. कुणी दोनदा चुकलं तर मी सगळ्या लाइनसमोर त्याची अब्रू काढायचो. हार्नेस बांधायच्या शेजारच्या बोर्डवर नवाब असायचा. तो हळूच म्हणायचा, "भिमा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तरी थांब रे, पोरगं उपाशी रडंल."

लाइनवर आणखी एक पद्धत होती. चुकलेल्या हार्नेसला लाल टॅग लागायचा, आणि तो ज्याच्या हातून चूक झाली त्यानंच स्वतः लावायचा, वर आपलं नाव लिहून. माझ्या नावाचे लाल टॅग बावीस वर्षांत चार. हे मी लोकांना न विचारता सांगत असे.

मग कंपनीनं ती लाइनच दुसरीकडं हलवली आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची होती ते विचारू नका. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसायला लागलो. मिक्सर दुरुस्त केला, इस्त्री दुरुस्त केली, चांगली चालणारी बेल उघडून पुन्हा बसवली. माझी बायको साधना म्हणाली, "अहो, आता घरात बिघडायला काही उरलं नाही. थोडं शेजारी बघता का?" ती गंमत करत होती, पण मला झोंबलं.

माझी मुलगी मैत्री घरूनच काम करते. बिल्डर लोकांसाठी ती न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर उभी करते. चऱ्होलीला जिथं आज नुसता मुरूम पडलाय तिथं ती झाडं लावते, बाल्कनीत खुर्च्या टाकते, संध्याकाळचं ऊन पाडते, आणि बघणाऱ्याला त्या घरातून फिरवून आणते. आधी ती एका ऑफिससाठी करायची. यंदा मे महिन्यात चऱ्होलीच्या एका बिल्डरनं पहिल्यांदा थेट तिला काम दिलं. सोमवारी दुपारी साइट ऑफिसात पन्नास-साठ लोकांसमोर ते दाखवायचं होतं. आवडलं तर त्याच्या पुढच्या तिन्ही इमारती तिच्या.

आणि नेमका कॉम्प्युटर दगा द्यायला लागला. काम निम्म्यावर आलं की तापायचा आणि फटकन बंद पडायचा. मैत्री टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावून बसायची आणि स्वतः घामानं निथळायची.

"रिझवानदादाला बोलवते," ती म्हणाली. "आत जास्तीचे पंखे बसवायला लागतील."

"त्याला कशाला? पंखे मी आणतो, मीच बसवतो."

"बाबा, गाडीचं वेगळं आणि हे वेगळं."

हे वाक्य तिनं सहज म्हटलं असेल. मी मात्र रात्रभर ते चघळत बसलो. बावीस वर्षांत दीड-दोन लाख गाड्यांमधून माझी वायर फिरते आहे, आणि घरातल्या एका पेटीतले चार पंखे मला जमणार नाहीत?

रिझवान म्हणजे नवाबचा मुलगा. नवाबची नजर अधू झाली, त्यानं कंपनी सोडली, आणि पोरानं पिंपरीच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. आमच्या सोसायटीचे कॅमेरे तोच बघायचा, शेजारच्या दोन सोसायट्यांचेही. लहानपणी तो बापाचा डबा घेऊन यायचा तेव्हा वायर सोलायला त्याला मी शिकवलं होतं. आता तो तिशीचा झाला होता, पण मला बघितलं की अजून खुर्चीवरून उठायचा.

त्यानं चार पंखे काढून दिले. पंख्याच्या पात्यांभोवती रंगीत दिवे होते. प्रत्येक पंख्याला दोन वायरी, एक पंख्याची, एक दिव्यांची. सोबत काडेपेटीएवढी एक डबी दिली.

"काका, नीट ऐका," तो म्हणाला. "पंख्याची वायर मदरबोर्डावर लावा, ती बारा व्होल्टची आहे. दिव्याची वायर मात्र या डबीला. दिवे पाच व्होल्टचे आहेत. ताईच्या बोर्डावर दिव्यासाठी चार पिना दिसतील, त्या बाराच्या आहेत, तिथं लावू नका. तसं आपली तीन पिनांची वायर तिथं बसणारच नाही. नाहीतर असं करतो, संध्याकाळी मीच येतो."

"रिझवान, तुला वायर कुणी शिकवली?"

तो हसला. "तुम्हीच काका."

"मग झालं तर."

त्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर तो मला बारा आणि पाच शिकवत होता, याचाच मला राग आला. डबी मी पिशवीत टाकली ती तशीच राहिली.

मैत्रीला दिवे नकोच होते. "पंखे पुरे, त्या दिव्यांच्या वायरी तशाच सोडून द्या," तिनं बजावलं होतं. आता खरं सांगतो. पंखे आत फिरणार होते, ते कुणाला दिसणार नव्हते. दिवे दिसले असते. कॉम्प्युटर चालू केला की पेटी उजळली असती, आणि रोज सकाळी माझ्या मुलीला आठवलं असतं की हे बाबांनी केलं. दोन वर्षं माझ्याकडं कुणी कौतुकानं पाहिलं नव्हतं. मला तो उजेड हवा होता.

शनिवारी मैत्री बिल्डरला भेटायला चऱ्होलीला गेली, साधना भाजी आणायला गेली आणि मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलावर आडवं घातलं. पंखे झकास बसले. दोन पुढून थंड हवा आत घेणारे, दोन मागून गरम हवा बाहेर टाकणारे. वायरी कोपऱ्याकोपऱ्यानं नेल्या, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या, पट्ट्यांची टोकं छाटली. असं काम बघून आमचा जपानी साहेबसुद्धा मान डोलवायचा.

मग दिवे. चारही पंख्यांचे दिवे एकमेकांना जोडून शेवटी एकच टोक उरलं होतं, तीन पिनांचं. बोर्डावर चार पिना दिसल्या. टोक लावून बघितलं, बसेना. मध्ये एक भोक बंद होतं.

इथं मी थांबायला हवं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांना जे सांगत आलो ते माझ्या बोटांखाली होतं. पण पंख्याच्या पाठीवर छापलं होतं बारा व्होल्ट. गाडीत हॉर्न बाराचा, वायपर बाराचा, दिवा बाराचा. एकाच पंख्याचं पातं बाराचं आणि दिवा पाचचा, असला पोरखेळ कुणी कशाला करेल? ती डबी मला दुकानदाराची फालतू जोड वाटली. जोड जितके कमी तितका बिघाड कमी, हेही मला कंपनीनंच शिकवलेलं. मी कपाटातून माझं क्रिंपर, म्हणजे टर्मिनल दाबायची पक्कड, काढलं. तीन पिनांचं टोक कापून टाकलं, वायरी सोलल्या, त्यांना टर्मिनल दाबले आणि माझ्या डब्यातला चार पिनांचा कनेक्टर चढवला. ओढून बघितलं, पक्का. बोर्डावर लावला. टक करून बसला.

बटण दाबलं. चारही पंखे फिरले आणि पेटी आतून पांढरीफेक उजळली. इतका उजेड की टेबलाचा पृष्ठभाग चमकला. मी मोठ्यानं "वा!" म्हणालो, घरात कुणी नसताना. तेवढ्यात वास आला. जळक्या प्लास्टिकचा वास मला झोपेतही ओळखता येतो. हात बटणाकडं जाईपर्यंत दिवे गेले, पंखे थांबले, आणि त्यानंतर मी कितीही दाबलं तरी त्या पेटीनं हूं की चूं केलं नाही.

मी काय केलं असेल? आधी पंख्यांच्या दिव्यांचं ते टोक उपटलं. माझा कनेक्टर कापून खिशात घातला. रिझवाननं दिलेलं तीन पिनांचं टोक टेबलाखाली पडलं होतं, तेही उचललं. दोन्ही कचऱ्याच्या गाडीत टाकायला खाली गेलो. तीन मजले उतरताना मला एकदाही वाटलं नाही की मी काही चुकीचं करतोय. हात आपोआप चालत होते.

मैत्री आली. उघडं कॅबिनेट बघून तिचा चेहराच उतरला.

"काय झालं?"

"चालू केलं आणि जळलं. नवाबच्या पोरानं माल खराब दिला."

बस, एवढंच. दोन वाक्यं. तिनं शंकासुद्धा घेतली नाही. शनिवारची दुपार होती, सोमवारी दाखवायचं होतं, आणि ती खाली फरशीवर बसून रडायला लागली. सहावीत असताना सायकलवरून पडून दात तुटला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो धरून ठेवला.

मैत्रीनं फोन केला आणि तासाभरात रिझवान आला. त्यानं विजेरी लावून आत पाहिलं, बोर्डावरच्या चार पिनांपाशी काळं झालेलं पाहिलं. मग दिव्यांची वायर हातात घेतली. तिला टोकच नव्हतं. तीन वायरी सरळ कापलेल्या.

"काका, हिची पिन कुठंय?"

मैत्री शेजारी उभी होती. साधना दारात होती.

"अशीच आली होती," मी म्हणालो.

रिझवाननं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग त्यानं ती वायर गुंडाळून पिशवीत ठेवली आणि मैत्रीला म्हणाला, "ताई, बोर्ड मी माझ्याकडनं बदलून देतो. मंगळवारपर्यंत येईल."

"मंगळवारी घेऊन काय करू मी?" मैत्री कडाडली. "रिझवानदादा, ओळखीच्या माणसाला असा माल देता? निदान कबूल तरी करा की डुप्लिकेट होता."

तो खाली मान घालून स्क्रू पेटीत भरत राहिला. "चुकी झाली ताई," एवढंच बोलला. माझ्या घरात, माझ्या चुकीसाठी, माझ्यासमोर तो मुलगा चुकी झाली म्हणाला आणि मी त्याला चहा घेणार का असं विचारलं. त्यानं नको म्हटलं.

सोमवारी मैत्रीनं मैत्रिणीच्या मशीनवर जेवढं जमलं तेवढं अर्धवट नेलं. बिल्डरनं पुढच्या इमारती दुसऱ्या कुणाला दिल्या. त्या रागात तिनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. दुकानाचं नाव घालून, जळलेल्या बोर्डाचा फोटो लावून. "बाबांच्या मित्राचा मुलगा म्हणून विश्वास ठेवला" असंही लिहिलं. संध्याकाळपर्यंत ते आणखी चार ग्रुपांवर फिरलं. ज्यांनी रिझवानकडून कधी साधी पेनड्राइव्हसुद्धा घेतली नव्हती तेही आपापले अनुभव सांगायला लागले. एकानं लिहिलं, "त्या लोकांकडं जायचंच कशाला?" त्या लोकांकडं म्हणजे कुणाकडं, हे कुणी विचारलं नाही. त्याखाली सतरा अंगठे उमटले. मी मोजले.

माझ्या हातात फोन होता. एक ओळ लिहायची होती. मी फोन चार्जिंगला लावला आणि बातम्या बघत बसलो.

पुढच्या रविवारी कमिटीची बैठक झाली. मी कमिटीत आहे. आमचे अध्यक्ष अर्जुनराव, म्हणजे ज्यांच्या शेतावर ही सोसायटी उभी आहे ते. बोलायला रांगडे, मनानं वाईट नाहीत. त्यांनी विषय काढला, "कॅमेऱ्याचं काम त्या पोराकडनं काढून घ्यावं आसं समद्यांचं म्हननं हाय. पन भिमाजीराव, नुसकान तुमच्या घरचं झालंय. तुमी म्हनाल तसं. ठेवायचा व्हय त्याला?"

सात माणसं माझ्याकडं बघत होती. आता तरी बोल, असं मी स्वतःला म्हणत होतो. पण बोललो असतो तर तिथून उठून वर जावं लागलं असतं, आणि वर मैत्री होती. तिच्या नजरेत मी अजून वायरीतला बाप होतो. तेवढंच माझ्याकडं शिल्लक होतं.

"सगळ्यांचं मत असेल तर माझं वेगळं कशाला?" मी म्हणालो आणि हात वर केला. ठराव एकमतानं झाला. आठवड्याभरात शेजारच्या दोन्ही सोसायट्यांनीही तेच केलं.

रिझवान कॅमेऱ्यांचे पासवर्ड लिहिलेला कागद आणि गच्चीवरच्या खोलीची चावी द्यायला आला. जिन्यात माझी गाठ पडली. मला वाटलं, आता हा फाडफाड बोलणार, आणि बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "काका, ताईचं काम परत सुरू झालं का?" मी हो म्हणालो. "बरं झालं," असं म्हणून तो मला वाट द्यायला भिंतीला लागून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंपरीला गेलो. एकोणीस दिवस झाले होते. दुकानात रिझवान नव्हता, नवाब होता. जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यानं मला ओळखायला जरा वेळ घेतला, की घेतल्यासारखं केलं, ठाऊक नाही.

"बस म्हणणार नाही भिमा. उभ्यानंच बोल."

"ती पिन मी कापली होती."

"माहीत आहे मला. पोरानं त्याच दिवशी वायर आणून माझ्या हातात दिली. तीन वायरी, एका रेषेत कापलेल्या. मला दिसत नाही, पण बोटांना कळतं. असं कापणारा या गावात दुसरा कोण आहे?"

"मग तू बोलला का नाहीस? मला एक फोन करायचास."

"मी?" नवाबचा आवाज चढला. मी त्याला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "लाल टॅग कुणी लावायचा असतो रे? मी पोराला म्हटलं, तोंड उघडू नकोस. भिमा उद्या येईल. स्वतः येईल, सगळ्यांदेखत सांगेल, असा माणूस आहे तो. पोरगं रोज दुकान बंद करताना विचारायचं, अब्बा, काका आले होते का? आठवडाभर विचारलं. मग तुमच्या कमिटीचं कळलं, कुणाचा हात वर होता तेही कळलं. त्या दिवसापासनं विचारत नाही. आता मलाच त्याच्याशी बोलायला तोंड नाही. मीच त्याला गप्प बसवलं ना."

मी त्याचे हात धरायला गेलो. त्यानं ते गल्ल्याखाली घेतले.

"माझ्याकडं कशाला आलास? पोराला चोर मी म्हटलं नव्हतं. जिथं पोराचं नाव खराब केलंस तिथं जाऊन सांग."

घरी आलो. मैत्री नव्या बोर्डावर काम करत होती. तो बोर्ड रिझवाननंच बसवून दिला होता, शब्दाप्रमाणं मंगळवारी. मी दार लावलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. डबी, कापलेली पिन, कचऱ्याची गाडी, कमिटीत वर केलेला हात. काही सोडलं नाही.

ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं, काम गेल्यावरून भांडेल. ती म्हणाली, "मी त्याला तोंडावर डुप्लिकेट म्हणाले. तुम्ही तिथंच उभे होतात."

"हो."

"आणि मी रडत होते तेव्हा डोक्यावर हात ठेवलात. बाबा, तो हात मी धरला होता."

मला वाटतं ते सगळे एकोणीस दिवस एका पारड्यात आणि हे वाक्य एका पारड्यात. यापुढं ती माझ्याशी बोलली नाही. सोसायटीचा ग्रुप उघडून माझा फोन पुढं केला, मी लिहीपर्यंत समोर उभी राहिली. मी लिहिलं, "मैत्रीच्या कॉम्प्युटरचं नुकसान माझ्या चुकीमुळं झालं. रिझवाननं बरोबर माल दिला होता, बरोबर सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही आणि वर खोटं बोललो. त्याची माफी मागतो. त्याला कॅमेऱ्याचं काम परत द्यावं." ती वाचून "पाठवा" म्हणाली. मी पाठवलं. मग ती ओढणी घेऊन एकटीच पिंपरीला गेली.

मी शिव्यांची वाट बघत बसलो. शिव्या मला हव्या होत्या. पहिला मेसेज आला तो हात जोडल्याचा. मग दुसरा, "काका, मोठं मन लागतं." मग दुसऱ्या इमारतीतल्या कुणी तरी लिहिलं, "तीस वर्षं वायरीत काढलेला माणूस असं चुकेल का? त्या मुलाच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून काकांनी स्वतःवर घेतलं." तीस कुठून आणली कोण जाणे. त्याखाली सगळ्यांनी हात जोडले. मी लिहिलं, "नाही हो, खरंच माझी चूक आहे." त्यावर एकानं रडणारा चेहरा टाकला आणि लिहिलं, "किती साधेपणा." ज्यानं "त्या लोकांकडं" लिहिलं होतं त्यानं लिहिलं, "काका, एवढंही भोळं राहू नका, हे लोक फायदा घेतात."

मी अर्जुनरावांच्या घरी गेलो. त्यांना शपथेवर सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "व्हय व्हय, कळतं आमाला. दोस्ताचं पोर हाय. पन आता नव्या मान्साला काम दिलंय, त्यो बी आपलाच हाय. तुमी नका मनाला लावून घिऊ."

माझ्या खोट्याला दोन वाक्यं पुरली होती. खऱ्यासाठी मी दारोदार फिरलो. शेजारच्या सोसायट्यांच्या अध्यक्षांनाही भेटलो. एकानं चहा पाजला, दुसऱ्यानं आपल्या मुलाला बोलावून माझ्या पाया पडायला लावलं. रिझवाननं दोन महिन्यांनी दुकान आवरलं आणि तो चाकणला एका गोदामात कॅमेऱ्यांपुढं बारा तासांच्या शिफ्टला बसायला लागला. मैत्री त्याला भेटून आली होती. काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही. ती मला जेवायला वाढते, औषधं आणून देते, बाबा म्हणते. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार मात्र लावून घेते.

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा पार्किंगमध्ये झाली. दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार झाले. मग अर्जुनरावांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, आज एका मोठ्या मनाच्या माणसाचा सत्कार करायचा हाय, ज्यानं दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेतला. माझं नाव पुकारलं. साधनानं मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं, बरं झालं, माइक मिळतोय.

मी पुढं गेलो, माइक घेतला आणि स्पष्ट म्हणालो, "मी कुणाचा दोष घेतलेला नाही. दोष माझाच होता. मी खोटं बोललो आणि रिझवानचं दुकान बुडालं. हे तुम्ही ऐका."

मग मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि बघता बघता सगळं पार्किंग टाळ्या वाजवायला लागलं. दुसऱ्या रांगेत मैत्री बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. उठली, खुर्ची सरळ केली आणि जिन्याकडं निघून गेली.

अर्जुनराव शाल उलगडून माझ्यासमोर उभे होते. एका हातात नारळ. मी नको म्हणालो असतो तर टाळ्या आणखी वाढल्या असत्या. मी खांदे पुढं केले.